खोलीत बरोबर, गाडीत ढबढब: स्टुडिओ मॉनिटरच्या जागेची नेहमीची तक्रार

“दादा, इथं झकास वाटतंय, पण गाडीत लावलं की नुसतं ढबढब.” फोनवर एवढं ऐकलं की मी एकच विचारतो, खोली केवढी? “धा बाय धा.” आणि स्लॅबची उंची? “असंल की धा फूट.” मग स्पीकर, म्हणजे स्टुडिओतले मॉनिटर, कोणत्या कंपनीचे हे विचारायची गरजच उरत नाही.

सांगली-मिरज आणि इकडे तासगाव, कराडपर्यंत घरगुती स्टुडिओंची जोडणी करत मला बरीच वर्षं झाली. भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग करणारे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, लोकगीतांना चाल लावणारे, शास्त्रीय गाणारे, गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं. तक्रार मात्र हीच. मी पोचायच्या आधी बहुतेकांनी एक तर स्पीकर बदललेले असतात, नाहीतर बदलायला काढलेले असतात. स्पीकर बहुधा निर्दोष असतो, त्याची जागा चुकलेली असते. म्हणून खिशात हात घालण्याआधी खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपया लागत नाही.

आधी लक्षणं जुळतात का बघा

खुर्चीवर बसलं की डग्गा पातळ वाटतो, म्हणून तुम्ही बेस चढवता. तेच गाणं गाडीत किंवा देवळाच्या साउंडवर लावलं की डग्ग्याखाली गायकाचे शब्द बुडतात. किंवा नेमकं उलटं: खोलीत घुमतं म्हणून बेस उतरवता आणि बाहेर गाणं पोकळ लागतं.

खुर्ची फूटभर मागं सरकवली की गाणंच वेगळं वाटतं.

बेसच्या ओळीतला एखादाच सूर अंगावर येतो, शेजारचा सूर गायब.

गायकाचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध उभा राहत नाही. एकीकडे कलतो, नाहीतर डोक्याभोवती पसरल्यासारखा होतो.

यातलं काही असेल तर वाचत राहा. सतत गुणगुण, खरखर, जळका वास किंवा हाताला झिणझिण्या असतील तर मधलं सगळं सोडून थेट ‘इथं थांबा’वर जा. ते दुखणं निराळं आहे.

मागची बटणं आणि वायरी

मॉनिटर स्वतःकडे वळवा आणि पाठीमागं बघा. आवाजाचा खटका दोन्हीकडे एकाच खुणेवर आहे का? बऱ्याच मॉनिटरांना मागं बेस आणि ट्रेबलची छोटी बटणं असतात. यामाहाच्या एचएस मालिकेत ‘रूम कंट्रोल’ असतं, ० / उणे २ / उणे ४ डेसिबल, ५०० हर्ट्झच्या खालचा, म्हणजे खालच्या सुरांचा भाग कमी करणारं. धूळ पुसताना ते सरकतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. विश्रामबागेत एकाकडे डावा मॉनिटर उणे ४ वर होता आणि उजवा ० वर. त्याने चार महिने सगळी गाणी उजवीकडे जड म्हणून दुरुस्त केली होती. सध्या सगळी बटणं ० वर आणा. नंतर लागतील तेव्हा वापरू, पण सुरुवात कोऱ्या पाटीवर.

मग एकाच माणसाच्या बोलण्याचं मोनो रेकॉर्डिंग दोन्हींवर सारख्या आवाजात लावा. आवाज समोरच्या भिंतीवर मधोमध खिळा ठोकल्यासारखा एका जागी यायला हवा. तो पसरट आला, बेस नाहीसा झाला आणि एक स्पीकर बंद केल्यावर उलट बेस वाढला, तर एका वायरीत प्लस-मायनस उलटे आहेत. एक्सएलआर (तीन पिनांची) वायर दुकानातून डाग देऊन घेतली असेल तर पिन २ आणि ३ ची अदलाबदल झालेली असू शकते. दोन स्पीकर मग एकमेकांचं बोलणं खोडतात. वायर बदलली की काम संपलं.

आवाज नुसता एका बाजूला कलत असेल तर इंटरफेसकडच्या (कंप्युटरमधला आवाज स्पीकरला पोचवणाऱ्या डब्याकडच्या) टोकाला डावी-उजवी वायर आपसात बदला. कल बाजू बदलून गेला तर दोष सिग्नलमध्ये, म्हणजे इंटरफेस किंवा सॉफ्टवेअरच्या पॅनमध्ये (डाव्या-उजव्या वाटणीत). जागचा हलला नाही तर वायर, स्पीकर किंवा खोली. आता स्पीकरांचीही अदलाबदल करा, वायरी जिथल्या तिथं ठेवून. कल स्पीकरासोबत गेला तरच स्पीकरवर संशय घ्या. या दोन अदलाबदलींनी किती जणांचे नवीन स्पीकरचे पैसे वाचले असतील!

खुर्ची कुठं आहे?

सगळ्यात जास्त वेळा दोष इथं सापडतो, म्हणून इथं घाई करू नका.

कोणत्याही बंद खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक सूर अडकून उभे राहतात. सगळ्यात खालचा सूर काढायला सोपं गणित: ५६५ ला भिंतींमधल्या फुटांनी भागा. दहा फुटाला साधारण ५६ हर्ट्झ, बारा फुटाला ४७, चौदाला ४०. हा सूर भिंतींपाशी सगळ्यात मोठा असतो आणि दोन भिंतींच्या बरोबर मध्ये जवळजवळ नाहीसा होतो. दहा बाय दहाची खोली आणि वर दहा फुटांवर स्लॅब, म्हणजे लांबी, रुंदी, उंची तिन्हींचा अडकणारा सूर एकच. आपल्याकडचे गवंडी काटकोनात अगदी चोख, त्यामुळे खोली अशी चौकोनी डब्यासारखी होते आणि एकाच ५६ हर्ट्झवर तिहेरी मार बसतो. आणि हौसेने माणूस खुर्ची ठेवतो ती खोलीच्या मधोमध, पंख्याखाली.

स्वतः करून बघा. सॉफ्टवेअरमधल्या टोन जनरेटरवर तुमच्या खोलीचा सूर लावा, बेताच्या आवाजात. खुर्चीवर बसा. मग उठून सावकाश दाराकडे चालत जा. कुपवाडच्या एका पोराला मी हे करायला लावलं. खुर्चीवर तो म्हणाला, “काका, चालू केलंच नाही तुम्ही.” दारापाशी पोचला तेव्हा छातीवर हात ठेवून उभा राहिला, कोपऱ्यात गेल्यावर हसायलाच लागला. खुंटीवरच्या किल्ल्या वाजत होत्या. वर्षभर तो ज्या खुर्चीवरून बेस ठरवत होता, तिथं तो सूर पोचतच नव्हता.

डावी-उजवीकडे तुम्हाला मध्यावरच बसावं लागतं, स्टीरिओसाठी ते टाळता येत नाही. पण पुढं-मागं सरकता येतं. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतरावर कान, ही सुरुवातीची जागा. दहा फुटात ते होतं पावणेचार फुटांच्या जरा पुढं, बारा फुटात साडेचार फुटांच्या आसपास. ही काही दगडावरची रेघ नव्हे. तिथून वीतभर पुढं-मागं सरकत बेसची चढती सरगम लावून ऐका आणि सगळे सूर त्यातल्या त्यात सारखे वाटतील तिथं थांबा. पाठ भिंतीला टेकवून मात्र बसू नका, तिथं सगळाच बेस फुगतो.

खोली लांबट असेल तर तोंड आखूड भिंतीकडे करा, म्हणजे पाठीमागं जागा मोकळी राहते.

त्रिकोण आणि उंची

दोन मॉनिटर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण. टेप दोघांनी धरून मोजा, अंदाजाने नको. एका बाजूला दोन इंचांचा फरक असला तरी मधला आवाज कलतो. दोन्ही मॉनिटर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर हवेत. एकीकडे भिंत आणि दुसरीकडे उघडी खिडकी असली की दोन्ही बाजू सारख्या ऐकू येत नाहीत; खिडकी बंद करा, जाड पडदा लावा, किंवा तोंड दुसऱ्या भिंतीकडे फिरवा.

ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा गोल, कानाच्या उंचीला. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून साधारण चार फुटांवर येतो. टेबल बुटकं असेल तर मॉनिटर वर तिरपा करा, ट्वीटर कानाकडे रोखला की झालं. आणि कृपा करून मॉनिटर आडवा झोपवू नका, कंपनीने आडवा वापरायला सांगितलेला नसेल तर. वूफर (बेस वाजवणारा मोठा गोल) आणि ट्वीटर शेजारी-शेजारी आले की डोकं इकडचं तिकडं केल्यावर मधले सूर बदलतात.

भिंतीपासून किती लांब?

मॉनिटर भिंतीपासून जितका लांब तितका चांगला, असं सगळे सांगतात. छोट्या खोलीत बहुतेक वेळा हे चूक ठरतं.

बेस चारी दिशांना जातो. मागं गेलेला बेस भिंतीला आपटून परत येतो तेव्हा एका ठरावीक सुराला तो पुढच्या आवाजाच्या नेमका उलटा पडतो आणि तो सूर खोडला जातो. कोणता सूर, तर २८३ ला स्पीकरच्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या फुटांनी भागा. दोन फूट असेल तर १४१ हर्ट्झ, तीन फूट असेल तर ९४, चार फूट असेल तर ७१.

मिरजेत एक गाणारे सर आहेत. चौदा फुटी हॉलमध्ये त्यांनी मॉनिटर दिमाखात चार फूट पुढं आणून ठेवले होते. तक्रार तंबोऱ्याची. “अहो, खर्ज बोलतच नाही. जवारी ऐकू येते, पोट नाही.” त्यांनी खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, पितळी तार बदलली, दोनदा घोडी घासून जवारी (तारेची झणझण) काढून आणली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं, आणि हे घरात बसून त्याच गावच्या तंबोऱ्याला बोल लावत होते! त्यांची पट्टी काळी एक. म्हणजे मधला सा १३९ हर्ट्झच्या जवळपास आणि खर्ज त्याच्या निम्मा, ६९. चार फुटांवरच्या भिंतीने खोडलेला सूर ७१. तंबोरा मुकाट्याने बरोबर वाजत होता, भिंत त्याचा खर्ज खात होती.

आम्ही मॉनिटर मागं नेले, तोंडापासून भिंत जेमतेम चौदा इंच. खोडला जाणारा सूर २४० च्या आसपास गेला, जिथं जाड पॅनेलने तो आवरता येतो. भिंतीजवळ गेल्यावर खालचा बेस वाढतो, तिथं मागचं बटण उणे २ वर टाकलं. त्याच कामासाठी ते दिलेलं असतं. सरांनी जुनंच रेकॉर्डिंग लावलं. दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या कारागिराकडे जाऊन माफी मागायला पाहिजे.”

तर छोट्या खोलीत: मॉनिटर भिंतीजवळ, मागं हवेचं छिद्र असेल तर त्याला चार बोटं मोकळी जागा सोडून, कोपऱ्यापासून मात्र लांब. मागच्या भिंतीपासून तीन-चार फुटांचं अंतर टाळा. मागच्या आणि बाजूच्या भिंतीचं अंतर एकसारखं ठेवू नका, नाहीतर एकच सूर दोनदा खोडला जाईल.

दहा बाय दहाचं एक चालणारं माप देऊन ठेवतो: मॉनिटरचं तोंड मागच्या भिंतीपासून एक फूट, दोन ट्वीटरांमधलं अंतर तीन फूट तीन इंच, कानही प्रत्येक ट्वीटरपासून तेवढाच लांब. कान आपोआप ३८ टक्क्यांवर येतो.

टेबल आणि खडखड

पोकळ प्लायच्या टेबलावर मॉनिटर ठेवला की टेबलही गायला लागतं. टेबलावरून उसळणाऱ्या आवाजाने १६० हर्ट्झच्या आसपास फुगवटा येतो. काही मॉनिटरांना त्यासाठी मागं वेगळं बटण असतं. फोमचे पॅड मिळतात, पण टेबलामागं वेगळा स्टँड सगळ्यात बरा. वेल्डरकडून चौकोनी लोखंडी पाइपाचा किंवा सुताराकडून लाकडाचा करून घ्या, आत कोरडी वाळू भरा. मी दोन ठिकाणी सिमेंटचे ब्लॉक रचून वर रबराची चटई टाकली आहे. दिसायला बांधकाम चालू असल्यासारखं, ऐकायला उत्तम.

मग ३० ते २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा सूर सोडा आणि खोलीत काय काय साथ देतं ते ऐका. लोखंडी कपाटाचं दार, खिडकीची सैल काच, ट्यूबलाइटची पट्टी. एका घरात देव्हाऱ्यातली घंटी निघाली. आजींना आधी विचारून ती कापडावर ठेवली.

भिंतींवर काय लावायचं

इथून पुढं खर्च सुरू. अंड्याचे ट्रे आणि थर्माकोल यांचा बेसवर काडीचा परिणाम होत नाही. पाऊण इंची फोमचे त्रिकोणही फक्त वरचे सूर खातात. खोली बद्द होते आणि बेस होता तसाच.

लागतं ते रॉकवूल (दगडी लोकर), घनमीटरला ४८ ते ६४ किलोचं, चार इंच जाड, लाकडी चौकटीत, भिंतीपासून शक्य तितकी फट सोडून. आधी बाजूच्या भिंती: तुम्ही खुर्चीवर बसा, दुसऱ्या कुणाला आरसा भिंतीला चिकटवून सरकवायला सांगा, आरशात जिथं ट्वीटर दिसेल तिथं पॅनेल. मग मॉनिटरमागची भिंत, मग जमिनीपासून वरपर्यंतचे कोपरे. कोपऱ्यात जितकं जाड तितकं चांगलं. पैसे नसतील तर कापसाच्या जुन्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या करा, काहीच नसण्यापेक्षा बरं. चौकटीवर आत सुती कापड आणि बाहेर बारदान ताणलं तर आवाज आरपार जातो. बारदान आमच्याकडे मुबलक, फक्त हळदीच्या पेठेतलं असेल तर दोनदा धुवा. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या स्टुडिओत पावसाळ्यात अजून हळदीचा वास येतो. रॉकवूल कापताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. पॅनेलजवळ उदबत्ती, दिवा आणि उघडी वायर नको.

एक मान्य करून चला. ५६ हर्ट्झच्या लाटेची पाव लांबीच पाच फूट होते, चार इंची पॅनेल तिला दाद देणार नाही. तिथं खुर्चीची जागाच उपयोगी पडते.

मोजमाप आणि ईक्यू, अगदी शेवटी

मोजमापाचा माइक मिळत असेल तर रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कानाच्या जागी माइक ठेवून आलेख काढा. फोनचं ॲप आकड्यासाठी भरवशाचं नाही, पण डावा आणि उजवा सारखा वाजतो का एवढं बघायला चालतं.

आलेखातले डोंगर ईक्यूने (सूर कमी-जास्त करणाऱ्या इक्वलायझरने) कापता येतात, दऱ्या भरता येत नाहीत. खोडला जाणारा सूर वाढवला की खोडणाराही तेवढाच वाढतो, आणि मध्ये ॲम्प्लिफायर तापतो. दरी दिसली तर परत टेप घ्या आणि खुर्ची हलवा.

इथं थांबा

हाताला झिणझिण्या आल्या किंवा टेस्टर मॉनिटरच्या पत्र्यावर पेटला तर मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या. गुणगुण जाते म्हणून थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढून टाकणारे मी पाहिले आहेत. गुणगुण जाते, जीवही जाऊ शकतो. गुणगुणीसाठी आधी सिग्नलची वायर काढून बघा: आवाज थांबला तर सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्या आणि एक्सएलआरसारखी बॅलन्स्ड वायर वापरा, वायर काढूनही चालूच राहिला तर दोष मॉनिटरच्या आत आहे, सर्व्हिस सेंटरला न्या.

जळका वास, हळू आवाजातही कोनची खरखर: सर्व्हिस सेंटर. झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहतो.

मॉनिटर भिंतीवर किंवा स्लॅबला टांगायचा असेल तर स्वतः ड्रिल मारू नका. आठ इंची वूफरचा मॉनिटर दहा किलोच्या घरात जातो आणि तो डोक्यावर असतो. जुन्या वाड्यातली पांढऱ्या मातीची भिंत फास्टनर धरतच नाही, पहिल्या दिवशी धरल्यासारखी वाटते. बांधकामातल्या माणसाला भिंत दाखवा.

शेजारी तक्रार करतात म्हणून आवाज बाहेर जायचा थांबवायचा असेल तर वरचं काहीच उपयोगी नाही. पॅनेलने आवाज अडत नाही. ते बांधकामाचं काम आहे. तसंच सगळं करूनही आलेखात दहा डेसिबलच्या वर दऱ्या राहिल्या आणि तुम्ही त्या खोलीतून पैसे कमावता, तर अकूस्टिक डिझायनरला बोलवा. नवी खोली बांधणार असाल तर भिंती उठायच्या आधीच.

आणि सगळं जमलं की त्याच दिवशी स्टँडच्या पायांभोवती आणि खुर्चीच्या जागेवर फरशीला रंगीत चिकटपट्टी लावा, मागच्या बटणांचा फोटो काढून ठेवा. दिवाळीनंतरच्या आठवड्यात मला सगळ्यात जास्त फोन येतात. “दादा, परत ढबढब व्हायलंय.” मी विचारतो, साफसफाई कुणी केली?